गादी, चीर आणि भीती: कळंबोलीत कमरेचे एमआरआय वाचताना

कळंबोलीत कंबर ही कमाईची गोष्ट आहे. कर्नाक बंदर आणि दारूखान्यातला लोखंडाचा व्यापार मुंबईबाहेर हलवायचा म्हणून सिडकोने इथे लोखंड बाजार वसवला. सळ्या, अँगल, चॅनल, पत्रे चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माथाडींच्या टोळ्या तिथे राबतात. बाहेर ट्रक-ट्रेलरच्या रांगा असतात. जेएनपीटीहून आलेला, तळोजा एमआयडीसीकडे निघालेला किंवा पुण्याचा द्रुतगती मार्ग धरणारा ड्रायव्हर इथे थांबतोच. वसाहतीतले बाकीचे लोक मानसरोवर किंवा खांदेश्वरहून लोकल पकडतात आणि तासाभराहून जास्त प्रवास करून मुंबईत कामाला जातात. मी इथे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. यातल्या अनेकांची कंबर कधी ना कधी धरते आणि ते माझ्याकडे येतात तेव्हा काखेत एमआरआयचं मोठं पाकीट असतं.

पाकिटातल्या कागदावर बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं: एल४-एल५ला डिफ्यूज डिस्क बल्ज, पोस्टेरियर अ‍ॅन्युलर टेअर, थीकल सॅकवर (नसांभोवतीच्या पिशवीवर) दाब. घरी पोहोचेपर्यंत त्याचं ‘गादी सरकली, गादी फाटली, नस दबली’ असं झालेलं असतं. त्या दिवसापासून माणूस वाकायचं सोडतो, नातवंडाला उचलायचं सोडतो, खुर्चीतून उठतानाही घरच्यांचा हात शोधतो. दुखणं आदल्या दिवशी होतं तेवढंच असतं, वाढलेली असते ती भीती. ही भीती कमी करता येते आणि ती कमी झाली की उपचारही लागू पडू लागतात, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी ज्या गोष्टी मी रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना पुन्हा पुन्हा समजावते, त्या इथे क्रमाने मांडते.

१. गादी जागची हलत नाही

कमरेत पाच मणके असतात, एल१ ते एल५. त्यांच्याखाली त्रिकास्थी, म्हणजे रिपोर्टमधलं एस१. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते आणि ती वरच्या-खालच्या हाडांना तंतूंनी घट्ट बांधलेली असते. ती सटकून बाहेर येत नाही आणि कोणी दाबून, मोडून ती ‘जागेवर बसवू’ही शकत नाही. ‘मणक्यात गॅप आलाय’ हेही मी रोज ऐकते. प्रत्यक्षात गादी झिजली की दोन मणक्यांमधली जागा वाढत नाही, उलट कमी होते.

गादीच्या मध्यभागी पाणीदार, मऊ गर असतो. त्याच्याभोवती तंतूंचं कडं असतं. हे कडं साधारण १५ ते २५ थरांचं असून प्रत्येक थरातले तंतू शेजारच्या थराला तिरके छेदतात. ट्रेलरच्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर असेच एकमेकांवर तिरके बसवलेले असतात, असं सांगितलं की ड्रायव्हरला पुढचं समजावावं लागत नाही. वळताना, वाकताना, वजन घेताना हे कडं त्या गराला आवरून धरतं.

मोठ्या माणसाच्या गादीत बाहेरचा काठ सोडला तर रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारं पोषण मणक्यातून झिरपत येतं. दिवसभराच्या भाराखाली तिच्यातलं पाणी थोडं निघून जातं आणि रात्री आडवं झाल्यावर परत शोषलं जातं. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा साधारण एक-दीड सेंटिमीटर उंच असतो. वय वाढतं तसं गादीतलं पाणी कमी होत जातं. एमआरआयच्या ज्या फोटोत पाणी पांढरं दिसतं, त्यात अशी गादी काळी दिसते आणि रिपोर्टमध्ये ‘डेसिकेशन’ असं लिहिलं जातं. या शब्दाचा अर्थ पाणी कमी झालंय, एवढाच.

२. बल्ज म्हणजे फुटणं नव्हे

अमेरिकेतल्या मणकातज्ज्ञांच्या आणि रेडिओलॉजिस्टांच्या संघटनांनी एकत्र येऊन या शब्दांच्या व्याख्या ठरवल्या आहेत. त्यांची सुधारित आवृत्ती २०१४ साली आली. गादीचा काठ मणक्याच्या कडेबाहेर परिघाच्या २५ टक्क्यांहून जास्त भागात थोडा पसरला असेल तर त्याला बल्ज म्हणतात. बल्ज हर्निएशनमध्ये मोजतच नाहीत. हर्निएशन म्हणजे एखाद्याच ठिकाणाहून आतला भाग बाहेर येणं. बाहेर आलेल्या भागाचा बुंधा रुंद आणि टोक अरुंद असेल तर प्रोट्रूजन. बुंध्यापेक्षा बाहेरचा भाग मोठा असेल तर एक्स्ट्रूजन. तुकडा सुटून वेगळाच झाला असेल तर सिक्वेस्ट्रेशन.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ‘गादीसाठी’ ऑपरेशन सांगितलं म्हणून आपल्यालाही ते लागणार, असं ठरवून अनेक जण येतात. त्याच्या कागदावर एक्स्ट्रूजन असतं, पायाचा पंजा ढिला पडलेला असतो. यांच्या कागदावर बल्ज असतो आणि पाय ठणठणीत. दोन्ही ठिकाणी एल४-एल५च लिहिलेलं असलं तरी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. म्हणून रिपोर्ट हातात आला की यातला कोणता शब्द आहे ते आधी बघा.

३. चीर म्हणजे जखम असं समजू नका

‘अ‍ॅन्युलर टेअर’ या शब्दाने घाबरलेली माणसं मी सर्वाधिक पाहिली आहेत. एक माथाडी मला म्हणाले होते, “मॅडम, गादी फाटलीया म्हणत्यात. आता काय टाके घालून शिवत्यात का?” प्रश्न अगदी मनापासूनचा होता. फाटणं म्हटलं की कपडा डोळ्यांसमोर येतो आणि फाटलेला कपडा ओढला की आणखी फाटतो. मग हालचाल करायची हिंमत कशी होणार?

कड्याच्या थरांमध्ये बारीक भेगा पडतात. काही दोन थरांच्या मध्ये, काही आतून बाहेर जाणाऱ्या, काही कडेला हाडाजवळ. त्या बहुतेक वेळा वर्षानुवर्षांच्या झिजेतून होतात. कधी पडलात, कधी झटका बसला असं त्यांच्यावरून सांगता येत नाही. म्हणूनच २०१४च्या त्या नियमावलीने ‘टेअर’ टाळून ‘फिशर’, म्हणजे भेग, असा शब्द वापरायला सांगितलं. आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये जुना शब्द अजून सर्रास दिसतो.

भेग दुखू शकते का? शकते. कड्याच्या बाहेरच्या भागात नसांची टोकं असतात आणि भेग तिथपर्यंत पोहोचली की वेदना होऊ शकते. १९९२ साली चार्ल्स एप्रिल आणि निकोलाय बोगडुक यांनी गादीच्या मागच्या काठात दिसणाऱ्या एका पांढऱ्या चमकदार ठिपक्याचं वर्णन केलं आणि हा ठिपका दुखऱ्या गादीची खूण आहे असं मांडलं. तेव्हा वाटलं, आता फोटोवरूनच दुखणारी गादी ओळखता येईल. पुढे तोच ठिपका काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सापडला. त्यामुळे रिपोर्टमध्ये भेग दिसली तर ती तुमच्या दुखण्याचं कारण असू शकते, एवढंच म्हणता येतं. तेच कारण आहे, असं फक्त फोटो पाहून कोणालाही सांगता येत नाही.

४. ज्यांना दुखत नाही, त्यांच्या कमरेतही हेच दिसतं

ही गोष्ट मी आकड्यांसकट सांगते, कारण आकडे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा सैल होताना मी पाहिला आहे. १९९४ साली अमेरिकेत मॉरीन जेन्सन आणि सहकाऱ्यांनी कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यातल्या ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी बल्ज होता, २७ टक्क्यांत प्रोट्रूजन होतं. सगळ्या गाद्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के निघाले.

२०१५ साली वलीद ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी अशा ३३ अभ्यासांमधल्या, दुखणं नसलेल्या ३,११० माणसांची माहिती एकत्र केली. त्यांच्या हिशेबाने विशीत ३० टक्के लोकांत बल्ज असतो, चाळिशीत ५० टक्के, साठीत ६९ टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. कड्यातली भेग विशीत १९ टक्के आणि ऐंशीत २९ टक्के. यातल्या कोणाचीही कंबर दुखत नव्हती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच गटाने त्याच वर्षी पन्नाशीच्या आतल्या लोकांचा वेगळा हिशेब मांडला. त्यात कंबर दुखणाऱ्यांमध्ये बल्ज, प्रोट्रूजन आणि एक्स्ट्रूजनचं प्रमाण न दुखणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. भेगेच्या आणि त्या पांढऱ्या ठिपक्याच्या बाबतीत मात्र ठोस फरक दिसला नाही. म्हणजे तिशीतल्या माणसाचा बल्ज दुर्लक्ष करण्यासारखा नाही आणि सत्तरीतल्या आजींचा बल्ज आयुष्य बदलण्यासारखा नाही. रिपोर्ट वाचताना वय शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

५. आधी पाय तपासा, मग फोटो

कमरेच्या मणक्यातून निघणारी प्रत्येक नस पायाचा ठरावीक भाग सांभाळते. एल५ची नस नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागात आणि अंगठ्याकडे जाते. ती दुखावली तर अंगठा वर उचलायची ताकद कमी होते, टाचेवर चालता येत नाही. एस१ची नस पोटरीमागून पावलाच्या बाहेरच्या कडेला जाते. ती दुखावली तर चवड्यावर उभं राहणं जड जातं आणि घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाय उडत नाही. एल४-एल५च्या गादीचा तुकडा मागे बाजूला आला तर सहसा एल५ची नस दाबतो, एल५-एस१चा एस१ची.

म्हणून मी पाकीट बाजूला ठेवते आणि आधी विचारते, कळ कुठून कुठपर्यंत जाते? खोकल्यावर वाढते का? मुंग्या नेमक्या कुठे येतात? मग टाचांवर चालायला सांगते, चवड्यांवर चालायला सांगते, उताणं झोपवून पाय सरळ वर उचलते. यातून अंदाज बांधला की मग फोटो बघायचा. अंदाज आणि फोटो जुळले तर निदानाला बळ मिळतं. दुखतोय उजवा पाय आणि फोटोतलं प्रोट्रूजन डावीकडे, असं अनेकदा घडतं. तेव्हा फोटोतली ती गोष्ट बाजूला ठेवून खुबा, त्रिकास्थीचा सांधा, स्नायू, पायातला रक्तप्रवाह असं सगळं नव्याने तपासायला हवं.

रिपोर्टच्या शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’चा सल्ला दिलेला असतो. लोक तिथवर वाचत नाहीत. त्या ओळीतून रेडिओलॉजिस्ट सांगत असतो की मी फोटो पाहिला, माणूस पाहिलेला नाही, तो पाहणाऱ्याने हे दोन्ही जुळवून घ्यावं. माझ्या मते कागदावरची सर्वांत महत्त्वाची ओळ तीच.

६. दोन रिपोर्ट जुळले नाहीत तर गोंधळू नका

‘पनवेलला काढला त्यात टेअर होता, वाशीला काढला त्यात नाही. मग भरून आला का?’ असा प्रश्न मला विचारला जातो. भरून आलाही असेल, पण आधी दुसरी शक्यता बघावी लागते. २०१७ साली अमेरिकेत रिचर्ड हर्झॉग आणि सहकाऱ्यांनी पायात कळ जाणाऱ्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर काढला. दहा रिपोर्टमध्ये मिळून ४९ वेगवेगळ्या नोंदी निघाल्या. दहाही रिपोर्टमध्ये आढळलेली एकही नोंद नव्हती.

यात कोणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. मशीन वेगळं, फोटोतल्या कापांची जाडी वेगळी, बघणाऱ्याची सवय वेगळी. बारीक भेग किंवा एक-दोन मिलिमीटरचा फुगवटा लिहावा की सोडावा, हा निर्णय प्रत्येकाचा वेगळा असतो. त्यामुळे मी दोन गोष्टी सुचवते. नुसता कागद जपू नका, फोटोची फिल्म आणि सीडी जपून ठेवा आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवा. आणि पुन्हा एमआरआय काढायचा असेल तर उपचार त्यामुळे बदलणार आहे का, हे आधी विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर ते पैसे घरात राहू द्या.

७. काही खुणा दिसल्या तर मात्र एक दिवसही थांबू नका

इतका धीर दिल्यावर ही गोष्ट तितक्याच ठामपणे सांगायला हवी. कमरेच्या दुखण्याबरोबर लघवी अडली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. गादीचा मोठा तुकडा तिथल्या नसांच्या जुडग्याला दाबत असू शकतो आणि उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असं नाही. लाजेपोटी ही लक्षणं लपवणारे, विशेषतः बायका, मला काळजीत टाकतात. चालताना पंजा जमिनीवर आपटू लागला, पायाची ताकद दिवसेंदिवस कमी होऊ लागली, तरीही तातडीने सर्जनला दाखवा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे मणक्याचा क्षयरोग. संध्याकाळचा बारीक ताप, घटत जाणारं वजन, मेलेली भूक, रात्री आडवं झाल्यावरही न थांबणारं दुखणं अशा तक्रारी असतील तर कंबरदुखी समजून शेक-मालिश करत बसू नका. पूर्वी कर्करोग झालेला असणं, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असणं, उंचावरून पडणं या बाबतीतही तपासणी लवकर हवी.

यातलं काहीच नसेल, तर पहिल्या साधारण सहा आठवड्यांत एमआरआयची घाई करू नये, असंच बहुतेक वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बऱ्याच जणांचं दुखणं तेवढ्यात उतरणीला लागतं.

८. शरीर स्वतः दुरुस्तीला लागतं

बाहेर आलेला गादीचा तुकडा कायम तिथेच राहतो, असा सर्वसाधारण समज आहे. १९३४ साली बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी गादीच्या तुकड्याने नस दबून पायात कळ येते हे दाखवून दिलं. त्यानंतर अनेक दशकं तुकडा काढणं हाच सरळ उपाय वाटत राहिला. पुढे एमआरआय आला, पुन्हा पुन्हा फोटो काढणं शक्य झालं आणि तुकडे आपोआप आक्रसतात हे दिसू लागलं. २०१५ साली चियू आणि सहकाऱ्यांनी अशा अभ्यासांचा आढावा घेतला. सुटून वेगळे झालेले तुकडे ९६ टक्के प्रकरणांत कमी झाले होते, एक्स्ट्रूजन ७० टक्के, प्रोट्रूजन ४१ टक्के आणि बल्ज १३ टक्के. बाहेर पडलेल्या गराला शरीर परकं समजतं, तिथे नव्या रक्तवाहिन्या येतात, पेशी तो खाऊन टाकतात. कागदावर जे सर्वांत भयंकर वाटतं, तेच विरघळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. बल्ज सहसा तसाच राहतो, पण दुखणं जायला तो जावा लागत नाही.

ऑपरेशनच्या मी विरोधात नाही. २००७ साली नेदरलँड्समध्ये विल्को पोल आणि सहकाऱ्यांनी पायात तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन लवकर केलं, दुसऱ्याला औषधं देऊन वाट पाहिली. ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला. वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करून घ्यावंच लागलं. ज्याच्या पायाची ताकद जाते आहे किंवा ज्याला कळ सोसवत नाही, त्याने सर्जनशी जरूर बोलावं. पाय मोकळा आहे आणि दुखणं फक्त कमरेत आहे, अशा माणसाने केवळ ‘टेअर’ या शब्दापायी ऑपरेशन टेबलावर जाऊ नये.

९. अंथरूण धरू नका

‘पंधरा दिवस फळीवर झोपा’ हा सल्ला मी आजही ऐकते. रिचर्ड डेयो यांनी १९८६ साली २०३ कंबरदुखीच्या रुग्णांवर अभ्यास केला. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि दुखण्यात दोघांत फरक नव्हता. गादीला पोषण हालचालीतून आणि भाराच्या चढउतारातून मिळतं, स्नायू झोपून राहिल्याने दुबळे होतात.

पहिले एक-दोन दिवस कळ जोरात असेल तर आराम करा, कुशीवर गुडघे थोडे दुमडून झोपा. मग घरातल्या घरात चाला. पुढे सकाळी रोडपालीच्या तलावाकडे किंवा सेक्टरच्या मोकळ्या रस्त्यावर चाला, आधी थोडं, मग वाढवत. कंबरपट्टा गर्दीच्या प्रवासात किंवा ओझं असलेल्या कामात काही दिवस आधार देतो, पण तो दिवसरात्र बांधून ठेवायची वस्तू नाही. व्यायाम माणसागणिक बदलतो. कोणाची कळ मागे वाकल्यावर कमी होते, कोणाची पुढे वाकल्यावर. त्यामुळे शेजारणीचा व्यायाम मोबाइलवर पाहून उचलू नका. व्यायाम करताना थोडं दुखलं तर ते नुकसान नाही. कळ पायात आणखी खाली उतरू लागली तर मात्र थांबा आणि सांगायला या.

१०. ओझ्याचा हिशेब माणसाच्या बाजूने मांडा

लोखंड बाजारात राहून हा प्रश्न टाळता येत नाही: ओझ्याने गादी खराब होते का? १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या एल४-एल५ गादीत दाब मोजणारं यंत्र बसवलं. उताणं झोपल्यावर दाब ०.१ मेगापास्कल होता, उभं राहिल्यावर ०.५. पाठ वाकवून २० किलो उचलल्यावर तो २.३ वर गेला, गुडघे दुमडून उचलल्यावर १.७. तेच वजन अंगाशी धरलं तर १.१ आणि अंगापासून ६० सेंटिमीटर लांब धरलं तर १.८. आता आपल्या बाजारातलं माप घ्या. १६ मिलिमीटर जाडीची १२ मीटर सळई सुमारे १९ किलो भरते. म्हणजे एकट्या माणसाने एक सळई उचलण्यापुरतंच हे मोजमाप झालं आणि टोळीचं काम एका सळईवर थांबत नाही.

तरीही फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या अभ्यासांनी मोठा धडा दिला. मिशेल बॅटी आणि टापिओ विडेमन यांनी दाखवलं की गादीची झीज मुख्यत्वे आनुवंशिक असते, कामाच्या ओझ्याचा वाटा तुलनेने लहान असतो. २००२ साली त्यांनी एकसारख्या जुळ्या भावांच्या ४५ जोड्या तपासल्या. एका भावाने आयुष्यभर गाडी हाकलेली, दुसऱ्याने फारशी नाही. दोघांच्या गाद्यांच्या झिजेत फरक सापडला नाही. इथल्या ड्रायव्हरांना मी हे आवर्जून सांगते, कारण ‘स्टिअरिंगने माझा मणका खाल्ला’ ही समजूत त्यांना आतून पोखरते.

पण याचा अर्थ मालकाने ओझं वाढवावं असा कोणी काढू नये. गादीची झीज आणि कमरेचं दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जड उचलणाऱ्यांमध्ये आणि दिवसभर धक्के खात गाडी चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त असते आणि दुखऱ्या कमरेने ओझं उचलावं लागणं ही शिक्षाच आहे. नुसतं ‘नीट वाकून उचला’ असं शिकवल्याने कंबरदुखी टळते, याला भक्कम पुरावा नाही. फरक पडतो तो ओझंच कमी केल्याने: हायड्रा क्रेन वेळेवर मिळणं, टोळीत पुरेशी माणसं असणं, मध्ये विश्रांती मिळणं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोपर्यंत आणावी, अशी शिफारस केली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून महाराष्ट्रात १९६९चा माथाडी कायदा आला आणि लोखंड-पोलादाच्या कामगारांसाठीही मंडळ उभं राहिलं. कंबर धरलेल्या माणसाला काही आठवडे हलकं काम आणि मग टप्प्याटप्प्याने जुनं काम मिळालं, तर तो लवकर आणि टिकून कामावर परततो. मुकादमाने ठरवलं तर हे जमतं. रोजंदारीवाल्याला घरी बसवलं तर त्याची कंबर बरी होण्याआधी घर मोडतं.

११. समजावून सांगणं हाच अर्धा उपचार

कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ४४ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला एमआरआयमधले सगळे दोष सविस्तर सांगितले. दुसऱ्याला सांगितलं की फोटो नॉर्मल आहे, दिसतंय ते वयानुसार होणारं आहे. दोघांना उपचार सारखेच दिले. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाच्या मनात आपल्या मणक्याबद्दल जास्त भीती होती, दुखणं कमी उतरलं होतं आणि हालचालही कमी सुधारली होती. फरक होता तो फक्त ऐकलेल्या वाक्यांचा.

मग रिपोर्टवरच धीराची ओळ छापली तर? अमेरिकेत हेही करून पाहिलं गेलं. जेफ्री जार्विक यांनी २०२० साली त्याचे निष्कर्ष मांडले. अडीच लाखांच्या आसपास रुग्णांचा समावेश होता आणि रिपोर्टमध्ये ‘हे दोष न दुखणाऱ्यांतही इतक्या टक्क्यांत दिसतात’ असा मजकूर जोडला होता. मणक्यावरच्या एकूण उपचारांत त्याने घट झाली नाही. गुंगीच्या वेदनाशामक गोळ्या लिहून देण्याचं प्रमाण किंचित कमी झालं, एवढंच. कागदावरची भीती कागदावरच्या दुसऱ्या ओळीने पुसली जात नाही. समोर बसून बोलणारं माणूस लागतं.

म्हणून डॉक्टरांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की पाकीट उघडल्यावर पहिली पाच मिनिटं वय, तपासणी आणि फोटो एकत्र मांडून दाखवायला द्या. रुग्णांना सांगते की पाकीट घेऊन जाल तेव्हा चार प्रश्न विचारा. माझ्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसातही हे दिसतं का? माझी कळ आणि फोटोतली जागा जुळते का? माझ्या नसेच्या ताकदीला धोका आहे का? आणि मी उद्यापासून काय काय करू शकतो? चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या आणि घरच्यांनाही वाचून दाखवा. बल्ज आणि भेग असलेली असंख्य माणसं आज या गावात काम करताहेत, हसताहेत, मुलांना खांद्यावर घेताहेत. कंबर धरली म्हणून त्यांच्यातून तुमचं नाव वगळलं गेलेलं नाही.